रक्तगट बदललेला भाऊ

परवा धाकट्या भावाचा फोन आला. ड्रायव्हिंग लायसन्सच्या नूतनीकरणाचा फॉर्म भरत होता. त्यात रक्तगटाचा रकाना होता. "आपा, जुन्या लायसन्सवर बी पॉझिटिव्ह आहे. आता काय लिहू?" मी म्हटलं, "ओ पॉझिटिव्ह लिही. रिपोर्ट आहे ना तुझ्याकडे." तो हसला. "आणि कुणी विचारलं, जन्मापासूनचा होता तो कुठे गेला, तर?" मी म्हटलं, "सांग, बहिणीने बदलून दिला."

माणसाचा रक्तगट बदलत नाही असं आपण शाळेत शिकतो. माझ्या भावाचा बदलला, कारण त्याच्या हाडांत रक्त तयार करणाऱ्या पेशी आता माझ्या आहेत. इतकी वर्षं यावर लिहायचं मी टाळलं. माझ्या पेशींनी त्याचा जीव वाचवला आणि त्याच पेशींनी त्याचे डोळे कोरडे केले, कातडी सोलली. दोन्ही कामं एकाच गुणामुळे झाली. समोरच्या पेशीच्या आत काय चाललं आहे हे या पेशींना बाहेरून ओळखता येतं. ही ओळख कशी पटते हे तेव्हा कुणी आम्हाला नीट समजावलं असतं, तर अम्मीच्या आणि माझ्या काही रात्री जरा बऱ्या गेल्या असत्या. दुसऱ्या कुणाच्या घरी ती वेळ आलीच, तर उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

२०१६ चा रमजान जूनमध्ये आला होता. भाऊ तेव्हा सव्वीस वर्षांचा. रोज्यामुळे थकवा येतो आहे असंच सगळे समजत होतो. मग हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, मांडीवर निळे डाग दिसू लागले. रक्ताची तपासणी झाली आणि तिसऱ्या दिवशी आम्ही मोठ्या शहरातल्या रुग्णालयात होतो. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग. केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांनंतर डॉक्टर म्हणाले, औषधाने आजार दबला आहे, पण राहील असं वाटत नाही. बोन मॅरो बदलावा लागेल. भावंडं किती?

आम्ही चौघं. भाईजान, मधली बहीण, मी आणि हा. तिघांचं रक्त एचएलए तपासणीला गेलं. भाईजान आणि धाकटा यांना लोक रस्त्यात एकमेकांच्या नावाने हाक मारतात, इतके ते सारखे दिसतात. नाक तेच, चाल तीच. माझा चेहरा कुणाशीच जुळत नाही. लहानपणी मला चिडवायचे, हिला फकिराकडून घेतली म्हणून. रिपोर्ट आले तेव्हा भाईजानचं काहीच जुळलं नव्हतं. मधलीचं अर्धं. माझं पूर्ण.

याचं गणित साधं आहे. एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ बसलेली असतात, त्यामुळे ती बहुधा गठ्ठ्यानेच मुलाकडे येतात. अब्बांकडे दोन गठ्ठे, अम्मीकडे दोन. प्रत्येक मुलाला दोघांकडून एकेक. म्हणून दोन सख्ख्या भावंडांत दोन्ही गठ्ठे जुळण्याची शक्यता चारात एक, एकच जुळण्याची चारात दोन, आणि एकही न जुळण्याची चारात एक. नाकाचा आणि चालीचा याच्याशी संबंध नाही.

या गठ्ठ्यांचा पहिला माग १९५८ मध्ये फ्रान्सच्या ज्याँ दोसे यांनी काढला. वारंवार रक्त घेतलेल्या रुग्णांच्या रक्तात दुसऱ्यांच्या पांढऱ्या पेशींना एकमेकींना चिकटवणारे घटक सापडतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणजे पांढऱ्या पेशींवर माणसागणिक वेगळी अशी काहीतरी खूण असली पाहिजे. १९८० मध्ये त्यांना दोन सहकारी शास्त्रज्ञांबरोबर नोबेल मिळालं. पण ही खूण शरीराला कशासाठी हवी असते? अवयव बदलणाऱ्या डॉक्टरांची अडचण व्हावी म्हणून तर निसर्गाने ती केली नसणार.

इथे मला आमच्या मोहल्ल्यातली ताटं आठवतात. मगरिबच्या आधी घरोघरी इफ्तारीची ताटं फिरायची, वर विणलेला रुमाल झाकलेला. मोहरमच्या दिवसांत खिचड्याचे वाडगे. कुणाच्या घरात डोकावायची गरज नसे. ताटावरून कळायचं आत काय शिजलं. अम्मीला तर ताट पाहून कुणाकडे पाहुणे आलेत आणि कुणाची महिनाअखेर आहे हेही कळायचं.

आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी हेच करत असते. पेशीच्या आत प्रथिनं सतत तयार होतात आणि जुनी होऊन मोडली जातात. ती मोडणारं यंत्र त्यांचे बारीक तुकडे करतं. त्यांतले काही तुकडे, साधारण आठ ते दहा अमिनो आम्लांचे, एकेका थाळीत ठेवून पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर मांडले जातात. ही थाळी म्हणजेच एचएलए रेणू. १९८७ मध्ये अमेरिकेत पॅमेला ब्यॉर्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रेणूची रचना प्रसिद्ध केली, तेव्हा त्यात खरोखरच एक खोबण दिसली आणि खोबणीत काहीतरी बसलेलं होतं. कुणाच्या थाळ्यांच्या खोबणी कशा घडणीच्या असतील, हे त्या सहाव्या गुणसूत्रावरच्या गठ्ठ्यांवरून ठरतं.

टी पेशी रक्तातून, लसिका गाठींतून फिरतात आणि भेटेल त्या पेशीच्या थाळ्या चाचपून पाहतात. रोजचंच शिजत असेल तर पुढे जातात. पण पेशीत विषाणू शिरला असेल, तर तो आपली प्रथिनं तिथेच बनवून घेतो आणि त्यांचेही तुकडे नाइलाजाने थाळीत येतात. तो तुकडा ओळखणारी टी पेशी आली, की ती त्या पेशीला घट्ट बिलगते, तिच्या भिंतीला छिद्र पाडणारं एक प्रथिन सोडते आणि त्या वाटेने दुसरी प्रथिनं आत घालते. ती पेशीच्या आतली, स्वतःला संपवण्याची यंत्रणा चालू करतात. विषाणूचा कारखाना बंद होतो. शेजारच्या निरोगी पेशीला सहसा धक्का लागत नाही.

टी पेशी थाळी आणि तुकडा दोन्ही मिळून पाहते, हे दोन माणसांनी दाखवलं. स्वित्झर्लंडचे डॉक्टर रोल्फ झिंकरनागेल आणि ऑस्ट्रेलियाचे पीटर डोहर्टी, जे मुळात जनावरांचे डॉक्टर होते. १९७३ च्या सुमारास कॅनबेराच्या संशोधन संस्थेत जागा अपुरी होती म्हणून दोघांना एकाच खोलीत काम करावं लागलं. उंदरांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या एका विषाणूवर ते काम करत होते. आजारी उंदराच्या टी पेशी काढून काचेच्या भांड्यात विषाणूग्रस्त पेशींसमोर ठेवल्या, तर त्या पेशींना मारत. पण विषाणू तोच ठेवून पेशी दुसऱ्या जातीच्या उंदराच्या घेतल्या, की टी पेशी त्यांना हात लावत नसत. विषाणू तर तोच होता. मग ओळख का पटली नाही? कारण थाळी वेगळी होती. टी पेशीला नुसता विषाणू दिसतच नाही; ओळखीच्या थाळीत ठेवलेला त्याचा तुकडा दिसतो. १९७४ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि १९९६ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

ओळखीची थाळी आणि रोजचं जेवण कोणतं, हे टी पेशी शिकतात कुठे? छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते, लहान मुलांत मोठी, वयाबरोबर आक्रसणारी. ही त्यांची शाळा. या शाळेची परीक्षा फार कडक. घरच्या थाळ्या ज्यांना मुळीच ओळखता येत नाहीत त्या नापास, आणि घरच्याच अन्नावर ज्या तुटून पडतात त्याही नापास. नापास म्हणजे बहुतेकींना मृत्यूच. शंभरातल्या पाचही बाहेर पडत नाहीत. थायमसमधल्या काही पेशी तर शिकवण्यासाठी शरीरभरची प्रथिनं स्वतः थोडीथोडी तयार करून मांडतात. एरवी फक्त स्वादुपिंडात बनणारं इन्सुलिनसुद्धा. पण शाळा ज्या शरीरात, अभ्यासक्रम त्याच शरीराचा. पुढे आमच्या घरात जे झालं ते यामुळेच.

डॉक्टरांनी मला समोर बसवून विचारलं, "तुम्हाला मुलं किती?" मी म्हटलं, "दोन मुलगे." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "एचएलए पूर्ण जुळतं आहे, फार चांगलं आहे. पण तुम्ही बाई आहात, पेशंट पुरुष आहे, आणि तुम्हाला मुलगे झालेत. त्याला थोडा जास्त त्रास होण्याची शक्यता धरून चालू." मी मान हलवली. मला काही कळलं नव्हतं. मुलगे होणं हा आमच्याकडे अभिनंदनाचा विषय. तो पहिल्यांदाच कुणी काळजीने लिहून घेत होतं.

सासरी वेगळीच चर्चा होती. सासूबाईंना वाटत होतं की हाडातला गर दिला तर मी कायमची अंथरुणाला खिळेन. प्रत्यक्षात पाच दिवस इंजेक्शनं घेतली, त्याने कंबर आणि मांड्यांची हाडं ताप आल्यासारखी ठणकली. मग एका सकाळी दोन्ही हातांना सुया लावून चार-पाच तास मशीनजवळ पडून राहिले. एका हातातून रक्त मशीनमध्ये जायचं, हव्या त्या पेशी गाळून घेतल्या जायच्या, उरलेलं दुसऱ्या हाताने परत यायचं. आठवड्याभरात मी घरी चपात्या लाटत होते.

भावाला त्याआधी जोरदार केमोथेरपी देऊन त्याचा स्वतःचा बोन मॅरो पूर्ण रिकामा केला होता. तो जर माझ्या पेशी मिळाल्या नसत्या, तर मागे फिरायची वाट नव्हती. ऑक्टोबरच्या मध्यावर टोमॅटोच्या साराच्या रंगाची एक पिशवी त्याच्या हातात चढली. अब्बा काचेबाहेर तसबीह घेऊन बसले होते. सोळाव्या दिवशी त्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी दिसू लागल्या. त्या माझ्या होत्या.

शंभर दिवस रुग्णालयाजवळ राहायचं होतं. भाड्याची खोली शोधताना तीन घरमालकांनी नाव ऐकल्यावर खोली गेल्याचं सांगितलं. चौथ्या ठिकाणी एक वयस्कर काकू होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पेशंटला जिना चढवेल का?" आम्ही तळमजल्यावरची त्यांची पुढची खोली घेतली.

त्याच खोलीत नोव्हेंबरमध्ये भावाच्या तळहातांवर लाल पुरळ उठलं. नोटबंदीचे ते दिवस. भाईजान सकाळी बँकेच्या रांगेत आणि मी त्याला घेऊन रुग्णालयाच्या रांगेत. चार दिवसांत पुरळ छातीवर, पाठीवर गेलं, कातडी भाजल्यासारखी झाली. मग जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी सांगितलं, दात्याच्या पेशी शरीरावर उठल्या आहेत. अम्मीने माझ्याकडे पाहिलं आणि आमच्या दखनीत एवढंच म्हणाली, "अपनाच खून, अपने पे?"

ती मला दोष देत नव्हती. पण मी त्या रात्री झोपले नाही. सगळं जुळलं होतं ना? मग?

थाळ्या जुळल्या होत्या. थाळ्यांतलं अन्न सगळंच सारखं नव्हतं. पुरुषाच्या पेशीत वाय गुणसूत्र असतं, त्याच्यावरून बनणारी काही प्रथिनं असतात, आणि त्यांचेही तुकडे थाळीत मांडले जातात. माझ्या टी पेशी स्त्रीच्या थायमसमध्ये शिकल्या. त्या अभ्यासक्रमात हे तुकडे नव्हतेच. शिवाय दोन वेळा माझ्या पोटात मुलगे वाढले. गरोदरपणात बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात येतात, त्यामुळे माझ्या काही टी पेशींनी ते पुरुषी तुकडे आधी पाहिले होते, परके म्हणून ध्यानात ठेवले होते. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं ते हे. आणखीही असे तुकडे असतात जे एचएलए जुळलेल्या भावंडांत वेगळे निघतात. भावाच्या कातडीत, आतड्यात माझ्या टी पेशींना घरच्याच थाळीत परकं अन्न दिसलं. विषाणू शिरलेल्या पेशीत अगदी असंच दिसतं. त्या आपल्या शिकवणीप्रमाणे वागल्या. चूक शोधायचीच तर ती त्यांना भलत्या घरात पाठवण्यात होती, आणि पाठवल्याशिवाय इलाज नव्हता.

मी डॉक्टरांना विचारलं, हे पूर्ण थांबवता येणार नाही का? ते म्हणाले, "स्टिरॉइड देतो आहे, दबेल. पण पूर्ण थांबवायची मलाही भीती वाटते."

कारण ल्युकेमियाच्या पेशीही भावाच्याच होत्या. केमोथेरपीतून काही लपून राहिल्या असणारच. त्यांच्याही थाळ्यांत तेच तुकडे होते, जोडीला कर्करोगाने बिघडलेल्या प्रथिनांचेही. भावाच्या स्वतःच्या टी पेशींनी त्यांना जाऊ दिलं होतं. माझ्या पेशी जाऊ देत नव्हत्या. बोन मॅरो प्रत्यारोपणाची सुरुवात अमेरिकेत डॉनल थॉमस यांनी १९५०च्या दशकात केली. १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पुढे अनेक रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर डॉक्टरांना दिसलं, की हुबेहूब जुळ्या भावंडाकडून मॅरो घेतलेल्यांना हा पुरळ-जुलाबाचा त्रास होत नाही, पण ल्युकेमिया परत येण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त असतं. म्हणजे आजार बरा करण्यात नुसत्या केमोथेरपीचा हात नाही. दात्याच्या टी पेशी उरलेल्या कर्करोगी पेशी वेचून मारतात. पूर्ण सारखेपणा असला, तर त्या हे काम मन लावून करत नाहीत.

त्यानंतरचे महिने हे तोलण्यात गेले. औषध वाढवलं की कातडी शांत, पण जंतुसंसर्गाची आणि आजार परतण्याची भीती. कमी केलं की पुरळ. अम्मी रोज सकाळी त्याचे तळहात पाहायची. काही दिवसांनी तिची नजर बदलली. हात अगदीच स्वच्छ दिसले तर ती विचारायची, "त्या काम करतायत ना?" मला वाटतं, तेव्हा आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांत चांगली तिला कळली होती.

कर्करोगी पेशींनाही टी पेशींपासून वाचण्याच्या युक्त्या असतात. एक युक्ती अशी, की थाळीच मांडायची नाही. काही विषाणूही हेच करतात. पण त्यासाठी दुसरा पहारा आहे. नॅचरल किलर नावाच्या पेशी नेमक्या थाळ्या न मांडणाऱ्या पेशींवर संशय घेतात. १९८० च्या दशकात स्वीडनच्या क्लास कार्रे यांनी ही कल्पना मांडली. आमच्या मोहल्ल्यात एखाद्या घरातून दोन दिवस ताट आलं नाही, तर अम्मी दार वाजवायला जायची. फरक इतकाच, की अम्मी विचारपूस करायची. या पेशी विचारपूस करत नाहीत. यातही एक अपवाद आहे. लाल रक्तपेशींवर या थाळ्या जवळजवळ नसतातच, आणि मलेरियाचा परजीवी नेमका तिथे जाऊन बसतो.

आता थाळीवर अवलंबून न राहणारी टी पेशीही तयार करता येते. रुग्णाच्याच टी पेशी काढून त्यांना प्रयोगशाळेत नवीन संवेदक बसवतात, जो कर्करोगी पेशीच्या भिंतीवरचं ठरावीक प्रथिन थेट पकडतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या अशा भारतीय उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तो रक्ताच्या वेगळ्या प्रकारच्या कर्करोगांसाठी आहे, भावाच्या नव्हे. पण बातमी वाचून मी त्याला फोन केला होता.

या सगळ्यातून माणसांच्या समाजासाठी धडा काढायचा मोह होतो. शरीर परक्याला हाकलतं, असं भाषणात सांगणारे मी ऐकले आहेत. ते खरं नाही. आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू सुखाने राहतात, आणि माझे दोन्ही मुलगे नऊ-नऊ महिने माझ्या पोटात निम्मे परकेच होते. उलट टी पेशी आत काय शिजतं ते पाहते, दारावरचं नाव पाहत नाही, असा गोड धडाही मला काढता येईल. त्या काकूंची गोष्ट तयारच आहे. पण तोही मी काढणार नाही. टी पेशीला वेगळेपण दिसलं की ती मारते. माणसाने पेशीकडून शिकू नये. काकूंनी जे केलं ते पेशीहून फार मोठं होतं.

भाऊ आज पस्तिशीच्या आसपास आहे. आजार परतलेला नाही. डोळ्यांत दिवसातून चार-पाच वेळा थेंब घालावे लागतात, कोपराजवळची कातडी ताठर आहे, तिखट खाल्लं की तोंड आगीसारखं होतं. शरीराच्या जुन्या आठवणी पुसल्या गेल्यामुळे त्याला लहानपणीच्या बऱ्याच लसी पुन्हा घ्याव्या लागल्या. माझा धाकटा मुलगा आणि हा मामा एकाच बाकावर बाही वर करून बसले होते. त्याच्या रक्तातल्या पेशी तपासल्या, तर त्या स्त्रीच्या निघतात. यावरून मित्र त्याची थट्टा करतात आणि तो करू देतो.

संध्याकाळी त्याने भरलेल्या फॉर्मचा फोटो पाठवला. रक्तगट: ओ पॉझिटिव्ह. खाली लिहिलं होतं, "आपा, डोळ्यांचे थेंब संपलेत. येताना घेऊन ये."